वाचक विचारतात : आधी काटा, मग पाला

श्रावण-भाद्रपदात या सदराकडे येणारी पत्रं बहुतेक दंशाचीच असतात. उन्हाळ्यात माळव्याच्या काळ्या मातीला हातभर भेगा पडतात आणि त्यांत विंचू, गोमा, बेडूक सगळेच राहतात. पाऊस पडला की माती फुगते, भेगा मिटतात आणि आतले रहिवासी ओट्यावर, न्हाणीघरात, चपलेत येतात. यंदाच्या पत्रांपैकी सात निवडली आहेत. उत्तरं एका वैद्यांनी आणि एका त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून दिली आहेत. जिथे दोघांचं एकमत नाही तिथे तसं लिहिलं आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीच्या टाकीखाली आग्या मोहोळ आहे. कपडे वाळत घालताना सूनबाईला हातावर दोन माश्या चावल्या. सासूबाई म्हणाल्या चुना लाव, शेजारच्या भाभीजी म्हणाल्या लोखंड घास, मी तुळस वाटून लावली. यातलं बरोबर कोणतं? ततैया चावली तरी हेच करायचं का?
— एक वाचक, सुदामा नगर

तुळस चालेल, पण तिचा नंबर चौथा-पाचवा. पहिला नंबर काट्याचा.

मधमाशी चावून उडून जाते तेव्हा तिचा काटा कातडीतच राहतो, कारण त्याला उलटे दाते असतात. नीट पाहिलं तर काळ्या काट्याच्या टोकाला मोहरीहून लहान, पांढुरकी पिशवी दिसते. माशी गेल्यावरही ती पिशवी आपोआप आकसत राहते आणि विष आत ढकलते. बहुतेक विष पहिल्या काही सेकंदांतच आत जातं. म्हणून काटा नखानं खरवडा, बोटानं ओढा, कसाही काढा. चिमटीत धरलं तर पिशवी दाबली जाते म्हणून खेळायच्या पत्त्याच्या कडेनंच काढा, असं पूर्वी सांगत. पण पत्ता शोधण्यात जे अर्धं मिनिट जातं त्यानं जास्त नुकसान होतं.

हे करताना तिथंच उभं राहायचं नाही. घरात जाऊन दार लावून घ्यायचं. काट्याबरोबर एक वास सुटतो, साधारण पिकल्या केळ्यासारखा. तो बाकीच्या माश्यांना ‘इथे या’ असं सांगतो. त्यामुळे एक चावली की मागून दहा येतात. दंशाची जागा साबणानं धुतली की तो वासही जातो, म्हणून धुणं दुसऱ्या नंबरावर.

तिसरी गोष्ट घरोघरी विसरली जाते. चावलेल्या हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी आणि पायाला चावलं असेल तर जोडवी लगेच उतरवा. तासाभरानं सूज चढली की ती निघत नाहीत आणि मग सोनाराकडे जाऊन कापून घ्यावी लागतात.

मग गारवा. बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं ठेवा, दहा मिनिटं काढा, असं तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर तोही भाजतो.

आता तुळस. दहा-बारा पानं धुऊन, पाण्याचा थेंबही न घालता खलबत्त्यात कुटायची. मिक्सरमध्ये पाणी घालावं लागतं आणि रस पातळ होतो. कुटलेला चोथा रसासकट जागेवर ठेवून पंधरा-वीस मिनिटांनी धुवायचा. वाळून कडक होईपर्यंत ठेवू नका, सुकलेला पाला ओढून काढताना फुगलेली कातडी सोलते. असं दिवसातून तीन वेळा करता येतं. तुळशीनं खाज आणि आग थोडी कमी होते. आत गेलेलं विष ती बाहेर काढत नाही. कुठलाच पाला काढत नाही, आणि पुढची सगळी उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवलंत तर गोंधळ होणार नाही.

चुना मात्र नको. शाळेत शिकवतात की मधमाशीचं विष आम्ल, म्हणून त्यावर अल्क, आणि गांधीलमाशीचं अल्क, म्हणून त्यावर व्हिनेगर. कागदावर हे पटतं. प्रत्यक्षात विष कातडीच्या आत गेलेलं असतं, चुना वर राहतो, दोघांची गाठच पडत नाही. शिवाय या विषाचा त्रास आम्ल-अल्कामुळे होत नाही, त्यातल्या प्रथिनांमुळे होतो. मेलिटिन हे त्यातलं मुख्य. खायचा चुना तीव्र अल्क आहे आणि तो ओला राहिला की कातडी भाजतो. चावल्याची सूज तीन दिवसांत गेली आणि चुन्याचा डाग महिनाभर राहिला, अशा तक्रारी आमच्याकडे येतात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. खायचा सोडा त्या मानानं सौम्य. एक चमचा सोड्यात जेमतेम पाणी घालून दाट लेप करा आणि दहा मिनिटांनी धुवा. काहींची खाज त्यानं कमी होते.

लोखंड घासण्यात जो आराम वाटतो तो थंड धातूचा. गार पाण्यातून काढलेला स्टीलचा चमचा तेच काम करतो, आणि घासायचीही गरज नाही.

गांधीलमाशी, म्हणजे आपल्याकडची ततैया, काटा सोडत नाही. त्यामुळे काढायला काही नसतं, पण तीच माशी पुन्हा पुन्हा चावू शकते. तिला झटकण्यापेक्षा तिथून निघणं बरं. बाकी सगळं तेच. आणि भिंतीवर मातीची घरटी करणारी कुंभारीण वेगळी. ती सहसा कुणाच्या वाटेला जात नाही, उगीच तिचं घरटं फोडू नका.

दंश कितीही लहान असो, पुढच्या अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ-पापण्या सुजल्या, आवाज बसला, श्वासाला शिट्टी यायला लागली, उलटी झाली, चक्कर आली तर पाला वाटत बसायचं नाही. ही ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया आहे. तिच्यावरचं औषध मांडीत दिलेलं ॲड्रिनालिनचं इंजेक्शन, आणि ते दवाखान्यातच मिळतं. १०८ला फोन करा, पेशंटला आडवं करून पाय उशीवर घ्या. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या. उभं करून चालवू नका, रक्तदाब एकदम पडतो. तोंडात किंवा घशात माशी चावली तर ॲलर्जी नसली तरी दवाखाना. आग्या मोहोळ उठून विसा-पंचविसांवर माश्या चावल्या तरीही दवाखाना, मुलांच्या बाबतीत याहून कमी असल्या तरी. विषाचं प्रमाणच जास्त झालं की मूत्रपिंडावर ताण येतो आणि तो त्या दिवशी दिसत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो.

प्रश्न : मधमाशी चावल्यावर वरीलप्रमाणेच सगळं केलं. तरी दुसऱ्या दिवशी हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला. लेप चुकला का? पू झाला असेल का?
— एक वाचक, राजेंद्र नगर

लेप चुकला नाही. काही जणांची सूज अशीच वाढते. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत ती सगळ्यात मोठी होते आणि मग पाच ते दहा दिवसांत उतरते. हात लाल, गरम, ताठ दिसतो म्हणून लोक पू समजतात आणि प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू करतात. त्यांची गरज नसते. बाधा झालेली असेल तर क्रम उलटा असतो: सूज आधी उतरायला लागते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा ठणका वाढतो, ताप येतो, पू दिसतो. तसं झालं तर दाखवा.

सुजलेला हात उशीवर उंच ठेवा, गारवा द्या. खाज असह्य असेल तर सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाला रात्री एक. त्यानं झोप येते, गाडी चालवू नका. वरून लावायचं असेल तर या वेळी रक्तचंदन तुळशीपेक्षा चांगलं. बाळगुटीची सहाण घरात असेलच. उकळून गार केलेल्या पाण्याचे चार-पाच थेंब घेऊन चाळीस-पन्नास वेढे द्या, गंधासारखं दाट येईल. पातळसर थर लावा, ओढायला लागला की धुवा. तयार पूड नको. बाजारातल्या लाल पुडीत चंदन किती आणि रंगवलेला भुसा किती हे डोळ्यांना कळत नाही. लाकडाचा तुकडा घ्या आणि तोच उगाळा.

प्रश्न : मोबाइलवर पाहिलं की मधमाशी चावल्यावर ‘प्लँटेन’चं पान चावून लावायचं. मी केळीचं पान लावलं. काहीच फरक पडला नाही, उलट पंजाबी ड्रेसवर डाग पडले.
— एक वाचक, लोकमान्य नगर

फरक पडणार नव्हताच, कारण ते केळ नव्हेच. इंग्रजीत भाजीच्या केळ्याला आणि युरोपातल्या एका रानगवताळ झाडाला एकच नाव आहे. त्या झाडाचा आपल्याकडचा सख्खा भाऊ म्हणजे इसबगोल. नीमच-मंदसौरकडे त्याची शेतं आहेत, पण आपण त्याची भुशी घेतो, पानं वापरायची रीत नाही. केळीच्या चिकाचे डाग निघत नाहीत, त्या ड्रेसला घरात वापरा.

आणि कुठलाही पाला चावून जखमेवर लावू नका. तोंडातले जंतू फुटलेल्या कातडीत जातात. परदेशी व्हिडिओ बघून औषधं शोधण्यापेक्षा दारातली एकदांडी ओळखायला शिका. पायवाटेच्या कडेला वाढते, एका लांब उभ्या दांड्यावर पिवळं मध्य आणि फिकट कडा असलेलं लहान फूल, पानं खरखरीत आणि दातेरी. ओरखडल्यावर किंवा डास खाजवून रक्त आल्यावर तिच्या धुतलेल्या पानांचा रस पूर्वीपासून लावतात. रस्त्याच्या कडेची, कुत्र्यांच्या वाटेवरची घेऊ नका. कुंडीत एक रोप लावून ठेवा, मरत नाही.

प्रश्न : देपालपूरजवळ आमचं शेत आहे. सोयाबीन काढायच्या दिवसांत दरवर्षी कुणाला तरी विंचू चावतो. गावात चिंचोका घासून चिकटवतात, आघाड्याचं मूळ उगाळून लावतात, नवसागर-चुना हुंगवतात आणि एक जण मंत्रानं विंचू उतरवतो. बहुतेक माणसं बरी होतात. मग यात काहीतरी असेलच ना?
— एक वाचक, इंदूर

बहुतेक माणसं बरी होतात हे खरं आहे आणि त्याचं कारणही आहे. शेतात दगडाखाली सापडणारी मोठी काळी इंगळी भयंकर दिसते, पण तिच्या विषानं साधारणपणे ठणकाच होतो. तो खांद्यापर्यंत चढतो, काही तास राहतो आणि आपला आपण उतरतो. त्या काही तासांत जो उपाय केला त्याला यश मिळतं. ‘खांद्यापासून बोटापर्यंत उतरवला’ म्हणतात तो ठणक्याचा स्वाभाविक क्रम आहे.

धोका लहान तांबूस विंचवाचा आहे. लाल विंचू म्हणजे कोकणातलाच, असा समज सोडा, तो देशाच्या बऱ्याच भागांत आहे. त्याच्या विषानं शरीरातल्या ज्या नसा हृदयाची गती आणि रक्तवाहिन्या ताब्यात ठेवतात त्या एकदम खवळतात. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो आणि पुढे फुप्फुसात पाणी भरतं. इथे एक फसवणूक होते. ठणका कमी असला तरी आतला त्रास सुरू असू शकतो, आणि ज्याला खूप ठणकतं तो पुष्कळदा तेवढ्यावरच सुटतो. म्हणून ठणक्यावरून अंदाज बांधू नका. बघायचं ते हे: अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, लाळ, मूल अतिशय बेचैन. मुलाचं किंवा पुरुषाचं लिंग कारणाशिवाय ताठ झालं असेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा, ते फार महत्त्वाचं लक्षण आहे. खोकला, धाप, गुलाबी फेस हा पुढचा टप्पा, तिथवर थांबायचंच नाही.

रायगड जिल्ह्यातल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त, तोंडानं द्यायचं औषध वेळेत दिलं तर या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि माणूस वाचतो. ज्या रुग्णांतले पूर्वी दहापैकी तीन-चार दगावत, तिथे मृत्यूचं प्रमाण शेकड्यात एखाददुसऱ्यावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता विंचवाची प्रतिविष लसही मिळते. या दोन्ही गोष्टी रक्तदाब मोजत, देखरेखीखाली द्यायच्या असतात, घरात गोळी आणून ठेवायची नाही.

तुमच्या गावातले उपाय एकेक करून पाहू. चिंचोका दगडावर घासला की आतला पांढरा गर उघडा पडतो. तो गर ओलावा धरतो, म्हणून घामेजल्या कातडीला घट्ट चिकटतो आणि वाळला की पडतो. ‘विष पिऊन पडला’ असं वाटतं. तो अपाय करत नाही, उपायही करत नाही. आघाडा, हिंदीत चिरचिटा, आपण गौरीला वाहतो तोच. विंचवावर त्याचा वापर जुना आहे. आमच्यातल्या वैद्यांच्या मते ठणका असलेल्या साध्या दंशावर त्याचं मूळ उगाळून लावायला हरकत नाही. त्वचारोगतज्ज्ञांचं म्हणणं, लावायचं तर गाडीत बसून लावा. नवसागर आणि चुना एकत्र चोळला की अमोनिया वायू सुटतो. त्याच्या झटक्यानं माणूस क्षणभर ठणका विसरतो, पण नाक-डोळे भाजतात. लहान मुलाला हे हुंगवणं क्रूर आहे. रुईचा चीक लावत असाल तर आजच बंद करा. तो बोटावरून डोळ्यात गेला की बुबुळावर सूज येऊन दिसेनासं होतं.

जुन्या वैद्यकालाही हा फरक माहीत होता. सुश्रुताच्या ग्रंथातल्या कल्पस्थानात, म्हणजे विषांवरच्या भागात, विंचवांचे मंद, मध्य आणि तीव्र विषाचे असे तीन वर्ग केले आहेत. सगळ्या विंचवांवर एकच मूळ, असं शास्त्रात नाही, गावात आहे.

करायचं इतकंच. जागा साबणानं धुवा, वर रुमालातला बर्फ ठेवा, हात-पाय हलवू नका, घट्ट बांधू नका, कापू नका. वेळ लिहून ठेवा, डॉक्टर तेच पहिलं विचारतात. दहा-बारा वर्षांखालचं मूल असेल, म्हातारं माणूस असेल, हृदयरोगी असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता निघा. देपालपूरहून इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात यायला वेळ लागतो, म्हणून आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, पहिला डोस तिथं मिळाला तर पुढच्या प्रवासाचा धोका कमी होतो. बाकीच्यांनाही रात्रभर एकटं झोपवू नका, चोवीस तास लक्ष ठेवा.

मजुरांना हातमोजे आणि बूट द्या. सोयाबीनचे ढीग उचलताना आधी दाताळ्यानं उलटा, मग हात घाला. हा खर्च कुठल्याही मुळीपेक्षा उपयोगी पडेल.

प्रश्न : सकाळी उठले तर मानेवर लालभडक पट्टा, दुपारपर्यंत आग, दुसऱ्या दिवशी फोड. कामवाली म्हणाली ‘मकडी मूत गई’, आई म्हणते कातीण मुतली, गेरू लाव. रात्री काही चावल्याचं आठवत नाही.
— एक वाचक, रामबाग

चावलं नाहीच, म्हणून आठवत नाही. आणि यात कातिणीचा दोष नाही. हा एक लांबट किडा, सेंटिमीटरभराहून लहान, मुंगीसारखा दिसणारा. शरीर नारिंगी आणि काळं आळीपाळीनं, पाठीवर निळसर झाक असलेले आखूड पंख. पावसाळ्यात दिव्याकडे येतो. तो डंख मारत नाही. अंगावर चालत असताना झोपेत आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या शरीरातलं पेडेरिन नावाचं दाहक द्रव्य कातडीवर पुसलं जातं. म्हणून डाग ठिपक्यासारखा न येता पट्ट्यासारखा येतो. हात जिकडे फिरला तिकडे. कोपराच्या घडीत आला तर समोरासमोर दोन सारखे डाग उमटतात. फोड यायला एक-दोन दिवस लागतात, त्यामुळे कारण आणि परिणाम जुळत नाहीत आणि बिचारी कातीण बदनाम होते.

लक्षात आल्याबरोबर साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. चोळू नका, तो हात डोळ्याला लावू नका. उशीची खोळ, टॉवेल धुवायला टाका. गार पाण्याच्या घड्या दिवसातून चार वेळा, पंधरा मिनिटं. फोड फोडू नका. गेरू, चुना, हळद, टूथपेस्ट यांतलं काहीच इथे नको. ही भाजल्यासारखी जखम आहे आणि पूड तिच्यात रुतून बसते. घरातलं चालेल असं एकच: कोरफड, तीही नीट काढलेली. पान बुडापासून कापून, कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं भांड्यात उभं ठेवा. त्यातून पिवळा, कडू, उग्र वासाचा चीक गळतो. तो कातडीला खाजवतो, आणि ‘मला कोरफड सोसत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांना तोच बाधलेला असतो. मग पान धुवा, साल काढा आणि फक्त काचेसारखा पारदर्शक गर अखंड कातडीवर लावा. फुटलेल्या फोडावर नको. पट्टा मोठा असेल किंवा डोळ्याजवळ असेल तर दाखवा, काही दिवसांच्या मलमानं लवकर आटोक्यात येतं. आठ-दहा दिवसांत खपली पडते, काळसर डाग काही आठवडे राहतो. तो जातो, उन्हापासून झाका.

एका गोष्टीशी गल्लत करू नका. पट्टा अंगाच्या एकाच बाजूला आहे, फोड येण्याआधी दोन-तीन दिवस तिथं ठणकत होतं आणि फोड द्राक्षांच्या घोसासारखे आहेत, तर ती नागीण. तिचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर खरा उपयोग होतो, आणि गेरूखाली नेमके तेच तीन दिवस जातात.

रात्री पलंगाजवळचा दिवा लवकर मालवा. अंगावर असा किडा दिसला तर चापट मारू नका, फुंकर मारून उडवा.

प्रश्न : शाळकरी मुलीच्या पायांवर डासांचे फोड होतात, खाजवून पिकतात. कडुनिंबाचं तेल रोज लावते, हळदही लावते. लिंबू चोळावं का?
— एक वाचक, सुदामा नगर

लिंबू नको. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि त्यावर ऊन लागलं की तपकिरी चट्टे पडतात, कधी फोडही. लसूणही नको, वाटलेला लसूण पट्टीखाली बांधला तर कातडी अक्षरशः भाजते.

कडुनिंबाचं तेल निखळ लावत असाल तर तेच खाज वाढवत असेल. एक चमचा निंबतेल दहा चमचे खोबरेल तेलात मिसळा, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहा. ते थोडा वेळ डास दूर ठेवतं, तासा-दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं, म्हणून मच्छरदाणी सुटत नाही. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो, शाळेत जाताना पाय झाकणारे कपडे हवेत. बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. निंबतेल पोटात गेल्यानं लहान मुलांना झटके आल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. ‘जंतांवर चमचाभर’ देण्याची पद्धत म्हणूनच धोक्याची.

पिकलेल्या फोडांसाठी निंबाचा काढा बरा. पंचवीस-तीस कोवळी नव्हेत अशी जून पानं लिटरभर पाण्यात उकळून अर्धं करा, गाळा, पूर्ण गार झाल्यावर त्यानं पाय धुवा, कोरडे करा. काढा रोज ताजा, शिळा आंबतो. हळद लावायची तर हळकुंड सहाणेवर उगाळून. सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. अखंड फोडावर लावा, उघड्या जखमेत भरू नका. नखं कापा, सगळ्या उपायांत हा पहिला. पिवळी, मधाच्या रंगाची खपली धरून ती पसरत असेल तर ती संसर्गाची आहे, मुलीला दाखवा.

प्रश्न : घरात एखादा लेप करून ठेवता येईल का? सियागंजच्या बाजारातून काय आणावं? शिवाय दारच्या शेवग्यावर दरवर्षी सुरवंट येतात, त्यांचे केस लागले तर घोंगडीनं घासतात ते बरोबर का?
— एक वाचक, नारायण बाग

घोंगडीनं घासलं की केस तुटतात आणि आत रुततात. चिकटपट्टी दाबून झटकन ओढा, दर वेळी नवा तुकडा, चार-पाच वेळा. मग धुवा, बर्फ लावा. कपडे बदला. डोळ्यात केस गेला तर चोळू नका, पाण्यानं धुऊन तडक नेत्रतज्ज्ञ. सुरवंट दिवसा खोडावर झुबक्यानं बसतात तेव्हा लांब दांड्याच्या झाडूनं साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. रॉकेलचा टेंभा लावू नका, खोड भाजतं आणि केस उडून अंगावर येतात.

लेप म्हणाल तर दशांग. यात दहा द्रव्यं: शिरीषाची साल, ज्येष्ठमध, तगर, रक्तचंदन, वेलदोडा, जटामांसी, हळद, दारुहळद, कोष्ठ आणि वाळा. चरकानं विष घालवणाऱ्यांत शिरीष सगळ्यात श्रेष्ठ म्हटला आहे, आणि तो आपल्या इंदूरच्या रस्त्यांवरच उभा आहे. वाळलेल्या लांब, चपट्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात तो. म्हणून महापालिकेच्या झाडाची साल सोलू नका, झाड मरतं. सियागंजात दहाही वस्तू अखंड मिळतात. अखंडच आणा, सारख्या वजनानं, प्रत्येकी पंचवीस ग्रॅम पुरे. दोन दिवस सावलीत वाळवा, वेगवेगळ्या कुटा, कारण जटामांसी आणि वाळा तंतुमय असतात आणि वेलदोड्याबरोबर नीट कुटले जात नाहीत. मग सगळं वस्त्रगाळ करून मिसळा. चाळणीनं चाळलेली पूड खरखरते आणि सुजलेल्या कातडीला टोचते. काचेच्या कोरड्या बरणीत पावसाळ्यापुरती ठेवा, कुबट वास आला की टाकून द्या. हा खटाटोप नको असेल तर तयार चूर्णही मिळतं, पुडीवरची तारीख पाहून घ्या.

लावताना दोन चमचे चूर्णाला अर्धा चमचाभर तूप आणि लेप होईल इतकं पाणी. तूप विसरलात तर लेप वाळताना ओढतो. अर्ध्या बोटाच्या जाडीचा थर, सुकायला लागला की ओल्या कापडानं पुसा. सुजेसाठी, अखंड कातडीवर, दिवसातून दोनदा. डोळ्यांभोवती नाही, फुटलेल्या फोडावर नाही. पहिल्यांदा वापरताना मनगटावर रुपयाएवढा लावून बघा, दहा वस्तूंपैकी एखादी कुणाला सोसत नाही.

बरणीच्या झाकणावर तयार केल्याची तारीख आणि १०८ हा आकडा, दोन्ही चिकटवून ठेवा.